नाकाने पुढे पाठवलेले बाबा

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा तुला आणि भाऊजींना साष्टांग नमस्कार. (साष्टांग आपला लिहायची रीत म्हणून लिहिला. त्या दिवसाच्या पळापळीपासून माझी कंबर धरली आहे, त्यामुळे आठातली जेमतेम पाच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली तीन मोठ्या मनाने माफ कर.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला, की नुसता दुसऱ्या खोलीत जाऊन बसलाय? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आणि हे 'खुशाल' पत्रात कुठेतरी घालायचं असतं म्हणून घातलेलं नाही, चांगलं हाताने चाचपून, खात्री करून लिहिलेलं आहे. तुझी भावजय खुशाल, मी खुशाल, आणि मुख्य म्हणजे बाबा खुशाल. हे लिहितोय तेव्हा ते पलीकडच्या खोलीत घसा साफ करतायत. एरवी त्या आवाजाने माझ्या कपाळाला आठी पडायची. हल्ली तो कानावर आला की जीव भांड्यात पडतो. दिवसातून इतक्या वेळा पडतो की भांड्याला पोचे आले असतील.

तू फोनवर म्हणालीस, "झालं काय ते मला नीट, पहिल्यापासून सांग." सांगायला मी दोनदा बसलो. पण बाबा शेजारी येऊन बसतात आणि "असं नव्हतं झालं" म्हणून मध्येमध्ये दुरुस्त्या करतात. त्यांच्या मते ती एक साधी, जरा गोंधळाची पालकसभा होती. म्हणून कागद घेतला. कागदाला कान नसतात.

सुरुवात तुझ्या घड्याळापासून करावी लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस. रस्त्यात चक्कर आल्यापासून बाबांनी एकट्याने बाहेर जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा तू ते हुशार घड्याळ पाठवलंस. हेतू सोन्यासारखा होता. बाबा कुठे आहेत ते माझ्या फोनवर हिरवा ठिपका होऊन दिसणार, आणि ते दिवसाला किती पावलं चालले ते तुला तिकडे कळणार. पण ताई, शाळेत व्यायाम शिकवण्यात ज्या माणसाचं आयुष्य गेलं, ज्याने शिट्टी वाजवली की पाचशे पोरं एका पायावर उभी राहायची, त्याला मनगटावरची टिकली सांगणार, "आता उठा, थोडं चाला"! बाबा तिला 'मुख्याध्यापिका' म्हणायचे. दोन-चार दिवस त्यांनी तिचं ऐकलं. मग त्यांनी तिची सोय लावली. कशी लावली ते आम्हाला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. आम्ही आपले रोज ठिपका बघायचो. ठिपका घरी, म्हणजे बाबा घरी. पूर्वी माणूस घरात आहे का ते बघायला हाक मारायचे. आम्ही फोन उघडायचो. अगदी घरात असलो तरी.

आता तो दिवस. दुपार कलत आली होती आणि मी माझ्या कामाच्या खोलीत एका निवृत्त न्यायाधीशबाईंच्या कवळीचा साचा ओतत होतो. (या बाईंना दात असे हवे आहेत की हसल्या तरी समोरच्याला शिक्षा माफ झाल्यासारखं वाटता कामा नये. तीनदा मेणात लावून दाखवले, तीनदा परत पाठवले.) दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेले. प्लास्टरचं काम म्हणजे दूध उतू जाण्यासारखं असतं, नजर हलली की संपलं. नेमका तेव्हाच फोन टेबलावर गुरगुरला. वाकून बघितलं. 'सावधान!!! आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी आली आहे. पांढरी टोपी, खांद्याला पिशवी, पिशवीत दोऱ्या. म्हातारा असल्याचं सोंग करतो. मुलांना गुंगीच्या गोळ्या वाटतो. सोबत फोटो. माणुसकी शिल्लक असेल तर पुढे पाठवा.' फोटोच्या जागी नुसता राखाडी चौकोन गरगरत होता, अजून उतरायचा होता. तो उतरेपर्यंत थांबायला प्लास्टरला वेळ नव्हता आणि माझ्या माणुसकीलाही नव्हता. (आमच्या लेकीला आता कोणी पळवायचं म्हटलं तर टोळीला आधी तिच्या साहेबांकडून रजा मंजूर करून घ्यावी लागेल. पण जगात इतरही मुलं आहेत.) हात भरलेले, म्हणून मी खाली वाकलो आणि नाकाने दाबून तो निरोप पुढे पाठवला. दातवाल्यांच्या गटाला, बाजारातल्या दुकानदारांच्या गटाला, आणि आपल्या 'आपली माणसं'ला. पूर्वी म्हणायचे, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी उचललं नाक आणि लावलं काचेला. वर, समाजासाठी काहीतरी केलं म्हणून जरा बरंही वाटलं. साचाही छान बसला.

थोड्या वेळाने तुझ्या भावजयीचा फोन आला. तो मी कोपराने घेतला.

"बाबा तुमच्याकडे आलेत का?"

"माझ्याकडे कशाला येतील? घरीच आहेत." मी ठिपका बघितला. "हे काय, घरीच दाखवतंय."

"अहो, घरी मी आहे. आणि आपलं घर काही एवढं मोठं नाही."

"नीट बघ. ठिपका न्हाणीघराच्या बाजूला आहे. चालतायत सुद्धा. भराभर चालतायत."

फोन हातात घेऊन ती न्हाणीघरात गेली. माझ्या कानाला कपडे धुण्याच्या यंत्राची घरघर ऐकू आली. मग ती म्हणाली, "घड्याळ मिळालं. यंत्राच्या मुठीला बांधलंय." ताई, यंत्र सुरू झालं की थडथडतं. थडथडलं की मुख्याध्यापिका पावलं मोजते. आमच्याकडे कपडे रोज धुतले जातात. बाबांच्या ज्या पावलांना तू तिकडून रोज अंगठे, टाळ्या आणि बदाम पाठवत होतीस, ते सगळं कौतुक एका यंत्राचं होत होतं. चादरी टाकल्या की त्या दिवशी बाबा डोंगर चढून यायचे.

मी हात पुसायला फडकं शोधत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. तुम्ही मघाशी गटावर काय पाठवलंत ते बघते, त्यात कुठे गर्दी-बिर्दी असल्याचं..." आणि थांबली. तिच्याकडे फोटो उतरला होता.

"अहो."

"काय?"

"हे बाबा आहेत."

"कोण बाबा आहेत?"

"तुम्ही पाठवलेला मुलं पळवणारा."

मी फोटो उघडला. कुठल्यातरी वरच्या मजल्यावरून काढलेला. नव्या इमारतींच्या मधलं मैदान, बाक, बाकाजवळ पोरांचं कोंडाळं आणि मधोमध बाबांची पांढरी टोपी. खांद्याला माझी जुनी पिशवी. हातात दोरी. (आठवडाभर तुझी भावजय कपडे वाळत घालायची दोरी शोधत होती. तीही सापडली. त्या दिवशी आमच्या घरातल्या सगळ्या हरवलेल्या वस्तूंचा छडा लागला, बाबा सोडून.) काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा मी स्वतःच्या नाकाने गावभर फिरवला होता.

ताई, इथून पुढचं मला अजून हसत लिहिता येत नाही, पण प्रयत्न करतो. माझी पाचावर धारण बसली. अशा निरोपांपायी कुठे कुठे काय झालं ते आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. मी तसाच पळत सुटलो. समोर आली ती टॅक्सी पकडली, कोपऱ्यावर तुझ्या भावजयीला घेतलं आणि मैदानाचं नाव सांगितलं. टॅक्सीवाला मागे वळून म्हणाला, "तुम्हालाही आला का तो निरोप? सगळे तिकडेच चाललेत. तुम्हाला सोडतो आणि मीही उतरून दोन लगावतो. अशा माणसाला सोडायचं नसतं." चांगला माणूस होता, गं. आरशाला त्याने स्वतःच्या दोन लहान मुलींचा फोटो लटकवलेला होता. हिने सांगितलं, अगदी हळू, "ते आमचे बाबा आहेत." त्याने गाडीचा वेग असा वाढवला की आम्ही दोघं मागच्या बाकावर चिकटलो. वाटेत एका चौकात तो स्वतः खाली उतरला आणि हात आडवे करून त्याने समोरच्या गाड्या थांबवल्या.

तेवढ्यात हिच्या फोनवर थेट चित्रं सुरू झाली. मैदानावरचं कोणीतरी हात उंच करून सगळं दाखवत होतं. आपला बाप गर्दीत सापडलाय आणि आपण तो तळहाताएवढ्या काचेत बघतोय, खाली कोणकोण रागाची तोंडं आणि ज्वाळा टाकतंय, एक जण 'आवाज नीट येत नाही' अशी तक्रार करतोय. त्या काचेचा मला इतका राग आला की ती फोडावीशी वाटली. आणि फुटली असती तर बाबा दिसायचे बंद झाले असते, म्हणून मी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. प्लास्टरचे ठसे अजून आहेत तिच्यावर.

काचेत दिसलं ते, पुढे कळलं ते आणि बाबांनी कबूल केलं ते, असं सगळं जोडून सांगतो. बाबा गेले काही दिवस दुपारी आमची नजर चुकवून त्या मैदानावर जात होते. पहिल्या दिवशी नुसते बाकावर बसले. शेजारी पोरं ओळीने बसलेली, प्रत्येकाची मान खाली, प्रत्येकाच्या हातात फोन. बाबा म्हणतात, "मला वाटलं शोकसभा आहे." दुसऱ्या दिवशी ते दोरी घेऊन गेले आणि कोणाला काही न बोलता स्वतःच उड्या मारायला लागले. (त्या गुडघ्यांनी! डॉक्टरांना कळवू नकोस.) एका पोराने मान वर केली. मग दुसऱ्याने. आठवड्याभरात पोरं फोन बाकावर ठेवून रांग लावायला लागली. न अडखळता उड्या पूर्ण करेल त्याला पेपरमिंटची गोळी. इतकंच. पण वरच्या मजल्यावरून बघणाऱ्या बाईला काय दिसलं? अनोळखी म्हातारा, दोऱ्या, गोळ्या. तिने घाबरून फोटो इमारतीच्या गटावर टाकला आणि एवढंच विचारलं, 'हे कोण आहेत, कोणाला माहीत आहे का?' तिथून ध चा मा व्हायला सुरुवात झाली. दुसऱ्याने 'टोळी' घातली, तिसऱ्याने 'गुंगी' घातली, आणि 'माणुसकी' कोणी घातली ते देव जाणे. माझ्यापर्यंत येईपर्यंत निरोप अगदी पिकला होता.

माणसं चारी बाजूंनी जमायला लागली, तेव्हा बाबांनी कानात ऐकायचं यंत्र घातलेलं नव्हतं. ते त्यांनी आदल्या दिवशी बॅटरी वाचवायला म्हणून काढून ठेवलं होतं. त्यामुळे "ए, कोण रे तू? पिशवी उघड!" हे त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यांना वाटलं, पालक आलेत. मुलांच्या प्रगतीची चौकशी करायला. त्यांनी हसून सांगितलं, "एकेकाने बोला. सगळ्यांची मुलं चांगली आहेत, फक्त पोटरीत जोर नाही." मग एका आडदांड माणसाने त्यांची कॉलर धरली. शर्ट टरकला. चष्मा पडला आणि कोणाच्या तरी पायाखाली गेला. काचेत मला बाबांचा चेहरा दिसला, चष्म्याशिवाय. इतका लहान चेहरा आहे त्यांचा, हे मला माहीतच नव्हतं.

आणि मग, ताई, बाबांनी खिशातून शिट्टी काढली आणि वाजवली. तीच ती, तीन तुकड्यांची, शेवटी लांब. "सा-व-धान!" असा आवाज घुमला की फोन माझ्या हातात थरथरला. जमलेल्यांतली निम्मी माणसं जागच्या जागी ताठ झाली. खोटं वाटेल तर तुला ती चित्रं पाठवतो. माणूस कितीही संतापलेला असो, लहानपणी पायात भरवलेलं पाय विसरत नाहीत. एक जण तर हातातली काठी बगलेत धरून टाचा जुळवून उभा. कॉलर धरणाऱ्याचीही पकड सैल झाली, तो बावचळून इकडेतिकडे बघायला लागला. उरलेले निम्मे मात्र पुढे येतच होते. शिट्टीने काही सगळं जग थांबत नाही. पण तेवढा वेळ पुरला. कारण तेवढ्यात समोरच्या औषधाच्या दुकानातून औषधवाली बाई पांढरा कोट घालून, हातात कोणाचं तरी खोकल्याचं औषध तसंच धरून, गर्दी फाडत आत घुसली. बाबांच्या पुढ्यात हात पसरून उभी राहिली आणि ओरडली, "हे आमचे सर आहेत! हात लावून दाखवा कोणी!" लहानपणी तिला धाप लागायची म्हणून सगळे तिला बाजूला बसवून ठेवायचे. बाबांनी तिला बसू दिलं नाही, रोज थोडं थोडं पळवलं. तिने मग गर्दीला जे सुनावलं ते मी लिहीत नाही, कारण हे पत्र भाऊजीही वाचतील. एवढंच सांगतो की कॉलरवाला दोन पावलं मागे सरला, मग त्याने मान खाली घातली, आणि मग तोच खाली बसून चष्म्याचे तुकडे वेचायला लागला.

आम्ही पोचलो तेव्हा बाबा बाकावर बसलेले होते, आणि गर्दीचं, गर्दी विरघळताना होतं तसं झालं होतं. प्रत्येकाला अचानक कुठेतरी जायचं होतं. मी धावत जाऊन बाबांना मिठी मारली. आयुष्यात पहिल्यांदाच मारली असावी, कारण दोघांनाही हात कुठे ठेवायचे ते कळेना. बाबा म्हणाले, "आधी हात धुऊन ये. काय माखून आलायस." त्यांचे हात थरथरत होते. मी बघतोय म्हटल्यावर त्यांनी ते गुडघ्यांखाली दाबले आणि म्हणाले, "गारठा आहे जरा." ताई, ऊन अजून चटकत होतं. तुझ्या भावजयीने स्वतःची ओढणी त्यांच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "हो, आहे खरा." या बाईवर मी लग्न झाल्यापासून अधूनमधून चिडत आलोय. सध्या बंद केलंय.

पोलीस आले, तेही निरोप वाचूनच. तक्रार द्यायची आहे का म्हणून त्यांनी विचारलं. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, तर बाबा म्हणाले, "तक्रार नाही. यांना उद्या वेळेवर मैदानावर पाठवा. सगळ्यांच्या पाठीला बाक आलाय." टॅक्सीवाला अजून थांबलेला होता. त्याने आम्हाला घरी सोडलं, आणि जाताना बाबांच्या पाया पडायला वाकला. बाबांनी त्यालाही पाठ ताठ ठेवून वाकायला सांगितलं.

खरी गंमत नंतरच आहे. मी रात्रीच्या आत एक खुलासा लिहिला, बाबांचा हसरा फोटो लावला, आणि अर्थात बोटाने, सगळ्या गटांवर पाठवला. 'तो निरोप खोटा आहे, हे निवृत्त शिक्षक आहेत, कृपया पुढे पाठवा.' कोणी पाठवला नाही. खोट्याला घोडा मिळतो, खऱ्याला पायी चालावं लागतं. एकाने 'छान' लिहिलं. एकाने फूल पाठवलं. एकाने विचारलं, 'म्हणजे नक्की टोळी कोणती आहे?' दुसऱ्या दिवशी ती वरच्या मजल्यावरची बाई आमच्या दारात आली. डोळे रडून सुजलेले. तिचा मुलगा एकदा बाजारात हरवला होता. सापडला, पण तेव्हापासून तिच्या छातीतली धडधड काही गेली नाही. "मी नुसतं विचारलं होतं हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला चार शब्द सुनावायचे ठरवून ठेवले होते. पण तिने विचारलं तरी होतं, गं. मी तेही नव्हतं केलं. बाबांनी तिला चहा दिला आणि म्हणाले, "बाई, फोटो वरून काढलात म्हणून मी चोर दिसलो. खाली येऊन काढला असता तर शिक्षक दिसलो असतो."

आता ती रोज खाली येते आणि पोरांच्या उड्या मोजते. कॉलर धरणारा निघाला चष्म्याच्या दुकानाचा मालक. त्याने बाबांना नवा चष्मा करून दिला. आपल्या हाताने नाकावर बसवला, तर बाबा म्हणतात कसे, "आधी फोडायचे, मग बसवायचे. धंदा चांगला आहे तुझा." तोही हल्ली उड्या मारतो. पोट एका तालात आणि तो दुसऱ्या. औषधवालीने त्या दिवसाची, माणसं ताठ उभी राहतात तेवढीच चित्रं तोडून पाठवली, आणि ती मात्र वणव्यासारखी पसरली. कुठल्या कुठल्या गावांतून बाबांचे जुने विद्यार्थी फोन करतायत. एक जण तिकडे समुद्रापलीकडे जहाजावर आहे, म्हणाला, "सर, शिट्टी ऐकून मी जेवता जेवता उभा राहिलो." बाबा तीन दिवस नुसते फोनवर होते. ज्या वस्तूने त्यांना एका दुपारी चोर केलं, तिनेच महिन्याभरात पुन्हा सर केलं. आता या वस्तूला शिव्या घालाव्या की ओवाळावं, हे मला ठरवता येत नाही. सध्या मी तिला रात्री स्वयंपाकघरात ठेवतो आणि आम्ही निजायला दुसऱ्या खोलीत जातो. दोघांनाही जरा एकांत.

हिने घरात नियम केलाय: कुठलाही निरोप पुढे पाठवायचा असेल तर आधी तो घरातल्या एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि फोटो त्याच्यापुढे धरायचा. निम्मे निरोप तोंडातून बाहेर पडतानाच लाजतात. गेल्या आठवड्यात मी 'कोमट पाण्याने दात पुन्हा उगवतात' हा वाचून दाखवला. वाचता वाचता लक्षात आलं की हे खरं असेल तर मी काय खाणार?

तेव्हा ताई, काळजी करू नकोस. आपले बाबा आपल्याला परत मिळाले, तेही धडधाकट, नव्या चष्म्यासकट. तू येशील तेव्हा मैदानावर जाऊ. गुडघ्याचं कारण चालत नाही, आधीच सांगून ठेवतो.

लहानांना गालगुच्चे, मोठ्यांना वाकून (जमेल तितकं) नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. न्यायाधीशबाईंनी दात पसंत केले. अजिबात हसत नाहीत.

आणखी ता. क. आता मुख्य काम. तुझ्या भावजयीचा जुना फोन आम्ही बाबांना वापरायला दिला. औषधवालीने त्यांना शिकवलं आणि ते झपाट्याने शिकले. त्यात 'आपली माणसं' गटाचं सगळं जुनं जसंच्या तसं आहे. बाबा ते रोज दुपारी चष्मा लावून, पेपर वाचल्यासारखं शेवटाकडून मागे मागे वाचत निघालेत. एकही ओळ सोडत नाहीत. काल भाऊजींच्या खोकल्यापर्यंत पोचले. असेच गेले तर येत्या आठवड्यात ते त्या दिवसावर येऊन धडकणार. मी जे पाठवलं ते दिसलं तर मी एकदाचा सांगून टाकीन की नाकाने दाबलं, आणि मैदानाला फेऱ्या मारीन. पण ताई, त्या फोटोखाली, तो न उघडताच, माझ्या पाठोपाठ तू जे लिहिलंस ते आठवतंय ना? 'अशा थेरड्याला आधी चार ठेवून द्याव्यात, मग नाव विचारावं.' खाली भाऊजींचा अंगठा आहे. मी पुसायला बघितलं, ते यंत्र म्हणतं आता सगळ्यांसाठी पुसता येत नाही. बाबांच्या फोनवरून गुपचूप काढावं म्हटलं, तर त्यांनी त्याला कुलूप घातलंय, आणि कसं उघडायचं ते कोणाला सांगत नाहीत. उशीखाली घेऊन झोपतात.

तेव्हा विनंती एकच. पत्र मिळताच त्यांना एक नवा कोरा फोन पाठवून दे. लेकीने पाठवला म्हटल्यावर जुना आनंदाने सोडतील. मोठा नको, महाग नको, हुशार तर मुळीच नको. फक्त कालचं काही आठवत नसलेला पाहिजे.